टॉन्सिल्स निघाले, पुढच्या दहा दिवसांचं काय?

नाशकात कॉलेज रोडने गंगापूर रोडकडे जाताना नाक-कान-घशाच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर मुलांचं टॉन्सिल्सचं ऑपरेशन म्हणजे यंत्रांची चढाओढ आहे असंच वाटेल. कुठे लेझर, कुठे कोब्लेशन, कुठे नुसतंच 'बिनटाक्याचं'. आता टॉन्सिल्सची जखम कुणी शिवत नाहीच. ती उघडी ठेवतात आणि ती आपोआप भरून येते. त्यामुळे बिनटाक्याचं असण्यात मिरवण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न पाटीवर कधीच नसतो: गाठ कुठपर्यंत काढणार?

माझं म्हणणं असं, की घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यासाठी मुलाचे टॉन्सिल्स काढायचे ठरले असतील, तर पूर्ण गाठ काढायची की आवरण ठेवून आतला भाग काढायचा, हे आईबापांना ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं आणि दुसरा पर्याय खरोखर उपलब्ध असायला हवा. शिवाय ऑपरेशन कसं झालं याचा निकाल डिस्चार्जच्या दिवशी लावू नये, दोन आठवड्यांनी लावावा. नाशिकसारख्या जिल्ह्यात तर याला दुप्पट महत्त्व आहे. त्याचं कारण पुढे येईल.

मी पंचवटीत जनरल प्रॅक्टिस करतो, ऑपरेशन करत नाही. पण ऑपरेशननंतरचा चौथा-पाचवा दिवस हमखास माझ्याकडे येतो. सर्जनची फेरतपासणी अजून लांब असते, मूल काही खात नाही, मग आई त्याला कडेवर घेऊन जवळचा दवाखाना गाठते. मूल गप्प असतं, ओठाच्या कडेने लाळ गळत असते, कारण थुंकी गिळायचीही त्याची तयारी नसते. बॅटरी मारून तोंडात पाहिलं की दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळा थर दिसतो. "डॉक्टर, पू झालाय बघा." तो पू नसतो. कोपरावर खपली धरते तशीच ही घशातली खपली, सतत ओली राहिल्यामुळे पांढरी दिसणारी. ताईंना मात्र अँटिबायोटिक हवं असतं. त्याने दुखणंही कमी होत नाही आणि रक्तस्रावही टळत नाही. रात्री मूल कान धरून रडतं, म्हणून आजीने लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलेलं असतं. कानाला काहीही झालेलं नसतं. घशाच्या त्या भागाची आणि कानाची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांद्यांतून जाते, म्हणून जखम घशात असली तरी कळ कानात येते.

हे सगळं डिस्चार्ज कार्डावर चार ओळींत मावेल. बहुतेक कार्डांवर ते नसतं.

एवढं का दुखतं, हे समजलं की शस्त्रक्रियेच्या पद्धतींचा वादही समजतो. टॉन्सिलभोवती एक पातळ पण चिवट आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. त्याच्या मागे लगेच घशाचा स्नायू, त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. नेहमीच्या पद्धतीत गाठ या आवरणासकट सोडवून काढतात. काम स्वच्छ होतं, मागे काही उरत नाही, पण स्नायू उघडा पडतो. मग प्रत्येक घोटाला तो आकुंचन पावतो आणि प्रत्येक घोटाला दुखतं. दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही, पाणी पीत नाही म्हणून घसा कोरडा पडून आणखी दुखतं. दहा-बारा दिवस हे चक्र चालू राहतं. दुसऱ्या पद्धतीत आवरण जागेवरच ठेवतात आणि गाठीचा जवळपास सगळा भाग आतून कोरून काढतात, सीताफळाचा गर चमच्याने काढून साल तशीच ठेवावी तसा. स्नायू झाकलेला राहतो, मोठ्या रक्तवाहिन्यांना धक्का लागत नाही, श्वासाची वाट मात्र मोकळी होते. याला इंट्राकॅप्सुलर टॉन्सिलेक्टॉमी म्हणतात. युरोपात याच विचाराच्या शस्त्रक्रियेला टॉन्सिलोटॉमी असंही नाव आहे.

पालकांची गल्लत इथेच होते, आणि जाहिराती ती वाढवतात. कोब्लेशन हे हत्यार आहे. मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी सोडून 40 ते 70 अंश तापमानाला ते ऊती विरघळवतं. नेहमीची कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने ऊती कापणारं हत्यार, त्याच्या कितीतरी पट तापते. पण कोब्लेशनने पूर्ण गाठ आवरणासकटही काढता येते आणि आवरण ठेवून आतून कोरताही येते. 'आमच्याकडे कोब्लेशन आहे' एवढ्यावरून मूल किती दिवस कुढत बसेल हे कळत नाही. सर्जन कोणत्या थरात काम करणार आहे, त्यावर ते ठरतं. कोब्लेशन नसतानाही आवरण राखता येतं. सायनसच्या आणि नाकातल्या कोंबाच्या ऑपरेशनला वापरतात ते मायक्रोडिब्रायडर, म्हणजे फिरत्या पात्याने ऊती कातरून लगेच ओढून घेणारं यंत्र, याच कामासाठी 2000 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रुळलं. नाशकात सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी ते यंत्र नवलाचं नाही. म्हणजे प्रश्न फक्त पैशांचा नाही, सवयीचाही आहे.

आवरण राखलं तर नेमकं काय मिळतं? अनेक देशांतल्या तुलनांमधून एकच चित्र पुढे येतं: दुखणं कमी दिवस राहतं, मूल लवकर जेवायला लागतं, लवकर शाळेत जातं आणि आठवडाभराने होणारा रक्तस्राव कमी होतो. किंमतही मोजावी लागते. उरलेली ऊती शेकड्यात काही मुलांमध्ये पुन्हा वाढते, अगदी लहान वयात ऑपरेशन झालं असेल तर जास्त. त्यातल्या काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. हे आधीच सांगायला हवं. दुसऱ्यांदा भूल द्यावी लागण्याची शक्यता कुठल्याही आईबापांना थोडी वाटणार नाही. तरीही मला हा सौदा घोरणाऱ्या मुलाच्या बाबतीत पटतो. तिथे ऑपरेशनचं कारण गाठीचा आकार हे असतं आणि आकार कमी झाला की काम झालं.

वारंवार घसा पिकणाऱ्या मुलाचं गणित वेगळं आहे. तिथे संसर्गाचं ठिकाणच काढून टाकायचं असतं. आवरण राखूनही अशा मुलांत चांगले निकाल आल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेत, पण मी स्वतः तिथे पूर्ण गाठ काढण्याच्या बाजूचा आहे. अर्थात मुळात काढायची गरज असेल तर. पिट्सबर्गमध्ये जॅक पॅराडाइज यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला निकष आजही वापरात आहे: वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3 वेळा घसा पिकणं, आणि तेही ताप, मानेतल्या गाठी, पू अशा खुणांच्या लेखी नोंदीसह. आपल्याकडे सर्दी झाली तरी 'टॉन्सिल्स झालेत' म्हणतात आणि आम्ही डॉक्टरही कागदावर तेच लिहून मोकळे होतो. सात वेळा म्हणणाऱ्या मुलाची फाइल चाळली तर खरे दोन निघतात.

घोरण्याबाबतही एक दाखला देतो. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅट नावाच्या चाचणीत काही मुलांचं लगेच ऑपरेशन केलं, काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांच्या झोपेच्या तपासणीचा निकाल सुधारून सामान्य झाला होता, तर थांबलेल्यांपैकी 46 टक्क्यांचा. लक्ष एकाग्र होण्याच्या परीक्षेत दोन्ही गट सारखेच ठरले. पण लक्षणं, वागणूक, दिवसभराचा उत्साह यात ऑपरेशनवाली मुलं स्पष्टपणे पुढे होती. म्हणजे ऑपरेशनचा उपयोग आहे, पण प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला या सुट्टीत उरकून टाकण्याची घाई नको.

आता नाशिकचं. पूर्ण गाठ काढल्यावर रक्तस्राव दोन वेळा होऊ शकतो. एक, पहिल्या 24 तासांत. तेव्हा मूल बहुधा दवाखान्यात किंवा शहरातच असतं. दुसरा, खपली सुटते तेव्हा, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात. तेव्हा मूल घरी असतं. ते घर इंदिरानगरला असेल तर रिक्षाने वीस मिनिटांत दवाखाना. घर सुरगाण्याला असेल तर? मध्ये 80 किलोमीटरहून जास्त अंतर आणि घाट. पेठचं असेल तर सावळ घाट. इगतपुरी, कळवण, येवला, मालेगाव, जिल्हा कसा पसरलाय ते नाशिककरांना सांगायला नको. रक्तस्राव थांबवायला नुसता डॉक्टर पुरत नाही. पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ हवा, थिएटर हवं, वेळप्रसंगी रक्त हवं. पोट रक्ताने भरलेल्या मुलाला भूल देणं हे भूलतज्ज्ञाच्या दृष्टीनेही अवघड काम. 108 ची गाडी येईल, पण थिएटर सोबत आणणार नाही.

शिवाय लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. झोपेत ते पुन्हा पुन्हा आवंढे गिळतंय, एवढीच पहिली खूण असते. मग काळपट उलटी होते आणि घर जागं होतं. या आवंढ्यांबद्दल किती पालकांना सांगितलेलं असतं?

यावर सर्जन मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: लांबच्या पेशंटने दहा दिवस नाशकातच राहावं. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चोख आहे, पण तो कुणाला देतोय ते बघा. मुलांची ऑपरेशनं दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास ठरतात, कारण शाळा बुडायला नको. आणि पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर नेमकी त्याच सुमारास असतात, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. दोघं नवरा-बायको छाटणीच्या कामावर असताना दहा दिवस शहरात कुठे राहायचं, कुणाच्या जिवावर? ती परत जातात, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून मला वाटतं, ज्या पद्धतीत उशिराचा रक्तस्राव कमी, ती पद्धत आधी दूरच्या आणि गरीब मुलाला मिळायला हवी. प्रत्यक्षात गंगापूर रोडला घर आणि मेडिक्लेम असलेल्या मुलालाच ती मिळण्याची शक्यता जास्त. हे सरळसरळ उलटं आहे.

खर्चाचा मुद्दा मी झटकत नाही. कोब्लेशनची कांडी एकदाच वापरायची म्हणून बनवलेली असते आणि ती स्वस्त नाही. तिचा खर्च बिलात येतो. ती खरंच नवी उघडली का, हेही विचारायला हरकत नाही. सरकारी रुग्णालयाला दर मुलामागे तो खर्च परवडणार नाही, हे मान्य. पण मूल चौथ्या दिवशी पाण्याअभावी सलाइन लावायला पुन्हा दाखल झालं, किंवा आठव्या दिवशी रात्री दोन वाजता थिएटर उघडावं लागलं, तर तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? सरकारी आरोग्य योजनेचं पॅकेज ठरवणारे ऑपरेशनचा तास मोजतात, पुढचे पंधरा दिवस मोजत नाहीत. आणि मायक्रोडिब्रायडर असलेल्या थिएटरात आवरण राखायला नवीन यंत्र लागतच नाही, लागतं ते शिकणं.

इथे एक गोष्ट मात्र जुन्या हाताच्या सर्जनच्या बाजूने बोलायला हवी. साध्या हत्यारांनी, थंड पद्धतीने म्हणजे उष्णता न वापरता, हलक्या हाताने केलेली पूर्ण शस्त्रक्रिया ही नव्या यंत्राच्या नवशिक्या वापरापेक्षा केव्हाही बरी. हे मी भक्तिभावाने म्हणत नाही, ब्रिटनने ते मोजून दाखवलंय. 2001 मध्ये तिथे मेंदूच्या एका दुर्धर रोगाचा संसर्ग हत्यारांवाटे पसरू नये म्हणून टॉन्सिल्ससाठी एकदाच वापरून फेकायची हत्यारं सक्तीची केली. थोड्याच महिन्यांत रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी इंग्लंडने सक्ती मागे घेतली. पण तिथले लोक एवढ्यावर थांबले नाहीत. 2003 ते 2004 या काळात सुमारे 34 हजार टॉन्सिल्स ऑपरेशनांची नोंद केली. एकूण रक्तस्राव साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आणि उघड झालं, की उष्णता वापरणाऱ्या पद्धतींत, म्हणजे कॉटरी आणि त्या काळी नवीन असलेलं कोब्लेशन, दोन्हींत, थंड हत्यारांपेक्षा रक्तस्राव बराच जास्त होता. नवीन म्हणून गाजलेलं यंत्र मोजणीत मागे पडलं. पुढे हात बसले, थर बदलला, आवरण राखायची पद्धत रुळली आणि त्याच यंत्राने चांगले निकाल येऊ लागले. पण हे सगळं कळलं ते मोजल्यामुळे.

स्वीडनमध्ये 1997 पासून टॉन्सिल्सच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे ऑपरेशननंतर 30 दिवसांनी पेशंटलाच विचारतात: वेदनाशामक किती दिवस लागलं, रक्त आलं का, डॉक्टरकडे पुन्हा जावं लागलं का. घोरणाऱ्या मुलांत आवरण राखणारी पद्धत तिथे मुख्य प्रवाहात आली, ती या नोंदींच्या जोरावर. अमेरिकेच्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेचं 2019 चं मार्गदर्शक तर सर्जनला सांगतं, की स्वतःच्या पेशंटांमधल्या रक्तस्रावाचं प्रमाण वर्षातून निदान एकदा काढा. आपल्याकडे सर्जनला हा आकडा विचारला की बहुधा 'आमच्याकडे तसं काही होत नाही' असं ऐकू येतं. होत नाही की कळत नाही? आठव्या दिवशी रक्त आलेलं सिन्नरचं मूल सिन्नरच्याच डॉक्टरकडे गेलं, तर नाशिकच्या सर्जनच्या लेखी ते ऑपरेशन यशस्वीच असतं.

वेदनाशामकांबद्दल थोडक्यात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, घड्याळ लावून, पहिले काही दिवस मूल रडायची वाट न बघता द्यायचं असतं. 'दुखलं तर द्या' हा सल्ला या ऑपरेशनला चालत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोनचा एक डोस दिला तर उलट्या आणि दुखणं दोन्ही कमी होतं. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र नको. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करतं, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलात ते जिवावर बेततं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्याबद्दल ठळक इशारा दिला आणि 2017 मध्ये निर्बंध आणखी कडक केले. खाण्याचं म्हणाल तर वरणभात, खिचडी, पेज, आईस्क्रीम, मूल जे गिळेल ते. आईस्क्रीमने टॉन्सिल्स वाढतात असं वर्षभर ऐकवणाऱ्या आजीला हे पटवणं कधीकधी ऑपरेशनपेक्षा अवघड जातं.

'पालकांना एवढं सांगून कळत नाही', हे मला सहकाऱ्यांकडून ऐकायला मिळतं. मला ते मान्य नाही. द्राक्षाच्या घडावर कधी कोणती फवारणी आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे ज्या माणसाला तोंडपाठ आहे, त्याला 'आवरण ठेवून काढू, दुखेल कमी, पण शंभरातल्या काहींना पुन्हा यावं लागतं' हे वाक्य कळत नाही? कळतं. सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि ओपीडीत ती दहा मिनिटं नसतात, ही खरी अडचण. मग ती कागदावर द्यावीत, मराठीत, आणि रात्री उचलला जाईल अशा फोन नंबरासह.

आणि मोजणी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत, नाक-कान-घशाचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितातच. टॉन्सिल्सचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक विभागाने चौदाव्या दिवशी घरी एक फोन करायचा आणि चार गोष्टी टिपायच्या: पूर्ण काढले की आवरण ठेवून, कितव्या दिवशी मूल नीट जेवलं, रक्त आलं का, कुठल्याही डॉक्टरकडे जावं लागलं का. विद्यापीठाने लॉगबुकात एक रकाना वाढवला तरी सुरुवात होईल. खासगी सर्जनना भीती वाटेल, की आपला आकडा शेजारच्या पाटीवर जाहिरातीत झळकेल. तर त्यांनी नावं न देता आकडे एकत्र करावेत. शहरातल्या त्यांच्या संघटनेला एका वर्षात ते जमण्यासारखं आहे. पहिल्या वर्षीचा आकडा वाईट आला तरी चालेल. निदान पेठच्या बाईला आठव्या रात्रीबद्दल काहीतरी खरं सांगता येईल.